वाचकांचे प्रश्न : बेडकाच्या पाठीवरचे विष

प्रश्न : दक्षिण अमेरिकेतील शिकारी बेडकाचे विष लावलेले बाण वापरतात, असे वाचनात आले. एवढ्याशा प्राण्याच्या अंगात इतके जहाल विष येते कोठून? काही हौशी लोक असे रंगीत बेडूक काचपेटीत पाळतात, त्यांना धोका नसतो का?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, मात्र या प्रथेची व्याप्ती समजली जाते त्यापेक्षा बरीच लहान आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत भडक रंगांच्या विषारी बेडकांच्या कितीतरी जाती आढळत असल्या, तरी बाणांसाठी ज्यांचा वापर झाल्याची खात्रीलायक नोंद आहे अशा जाती तीनच आहेत. त्या तिन्ही फायलोबेट्स या प्रजातीतील असून पश्चिम कोलंबियातील पर्जन्यवनांत राहतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यात फुंकनळीने शिकार करणाऱ्या जमातींचे प्रसिद्ध विष म्हणजे कुरारे, आणि ते वनस्पतींपासून बनते. त्याचा बेडकांशी काहीही संबंध नाही.

या तिघांतील सर्वांत विषारी जातीला शास्त्रज्ञांनी ‘टेरिबिलिस’ (म्हणजे भयंकर) हे साजेसे नाव दिले आणि तिचे वर्णन 1978 मध्ये प्रसिद्ध केले. तिच्या प्रदेशातील एम्बेरा जमातीचे शिकारी बेडकाला मारत नाहीत. पानांच्या आधाराने, उघड्या हाताचा स्पर्श टाळून ते त्याला दाबून धरतात, बाणाचे टोक त्याच्या पाठीवर घासतात आणि काम झाले की त्याला सोडून देतात. उरलेल्या दोन जाती तुलनेने सौम्य असल्यामुळे त्यांच्या वाट्याला मात्र हाल येतात : बेडकाला काडीवर टोचून किंवा विस्तवाजवळ धरून त्याच्या अंगातून जास्तीत जास्त स्राव बाहेर काढला जातो. असे माखलेले बाण वाळवून ठेवले, तर वर्षभरही परिणामकारक राहतात.

या विषाचे नाव बॅट्रॅकोटॉक्सिन. मज्जातंतू आणि स्नायू यांच्या पेशींवर सोडियमचे आयन (विद्युतभारित कण) आत घेणारे सूक्ष्म मार्ग असतात आणि ते क्षणभर उघडून लगेच मिटत असल्यामुळेच संदेशवहन चालते. हे विष त्या मार्गांना उघड्या स्थितीत अडकवून ठेवते; परिणामी स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके विस्कळीत होतात आणि अखेर ते थांबते. टेरिबिलिस जातीच्या एका बेडकाच्या त्वचेत सुमारे 1 मिलिग्रॅम विष असते आणि तेवढे कित्येक माणसांचे प्राण घेण्यास पुरेसे मानले जाते. त्यावर खास असा उतारा उपलब्ध नाही.

आता विषाच्या उगमाविषयी. या कुळातील बेडूक आपली विषारी अल्कलॉइडे (नायट्रोजनयुक्त सेंद्रिय संयुगे) मुख्यतः आहारातून, म्हणजे मुंग्या, माइट (कोळ्यांच्या वर्गातील अतिशय बारीक जीव) आणि बारीक भुंगेरे यांच्यातून मिळवतात आणि त्वचेतील ग्रंथींत साठवतात. याचा एक विलक्षण पुरावा पार न्यू गिनीतून आला. तेथील पिटोहुई पक्ष्यांच्या त्वचेत आणि पिसांत बॅट्रॅकोटॉक्सिनच्याच गटातील विषे असल्याचे 1992 मध्ये उघड झाले, आणि पुढे 2004 मध्ये तीच विषे तेथील लहान भुंगेऱ्यांतही सापडली. काचपेटीत जन्मलेल्या आणि फळमाश्या किंवा नाकतोड्यांसारख्या कीटकांवर वाढलेल्या बेडकाला हा आहारच मिळत नाही, त्यामुळे तो विषारी होत नाही. जंगलातून पकडून आणलेल्या बेडकाचे विष मात्र वर्षानुवर्षे टिकू शकते, म्हणून त्याला हात लावू नये. हाताला जखम असेल तर मुळीच नाही.

प्रश्न : अशा विषांपासून औषधे बनली आहेत का?

उत्तर : प्रयत्न बरेच झाले, यश थोडे आले. सर्वांत बोलके उदाहरण एपिबॅटिडिनचे आहे. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जॉन डेली यांना 1974 मध्ये इक्वाडोरमधील एका लहान बेडकाच्या त्वचेच्या अर्कात वेदनाशामक गुण आढळला. नंतर सुमारे 750 बेडकांच्या त्वचा गोळा करूनही शुद्ध पदार्थ 1 मिलिग्रॅमसुद्धा हाती आला नाही आणि बंदिवासात वाढवलेल्या बेडकांत तर तो मुळीच नव्हता. रेणूची रचना उलगडण्याइतकी उपकरणे प्रगत होईपर्यंत तो नमुना तसाच जपून ठेवावा लागला. ती रचना 1992 मध्ये प्रसिद्ध झाली. उंदरांवरील प्रयोगांत हा पदार्थ मॉर्फिनच्या सुमारे 200 पट प्रभावी ठरला, शिवाय त्याचे कार्य अफूजन्य औषधांहून अगदी वेगळ्या, म्हणजे पेशींवर निकोटिन जेथे जोडले जाते त्या ग्राहींमार्फत चालते. अडचण एवढीच, की वेदना थांबवणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. त्यावरून बेतलेले टेबॅनिक्लिन हे सौम्य संयुग माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले, पण मळमळ आणि उलट्या यांसारख्या दुष्परिणामांमुळे मागे पडले.

प्रश्न : ‘कांबो’ नावाच्या बेडूक-उपचाराने शरीर शुद्ध होते, असे सांगितले जाते. तो घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पेरू आणि ब्राझीलच्या सीमेवरील मात्सेस लोक आणि त्यांच्या काही शेजारी जमाती एका मोठ्या हिरव्या झाडबेडकाचे चारही पाय ताणून बांधतात, त्याच्या अंगावरील स्राव काडीवर खरवडून वाळवतात आणि बेडकाला पुन्हा सोडून देतात. पुढे शिकारीला जाण्यापूर्वी दंडावर किंवा छातीवर जळत्या वेलीने बारीक डाग देऊन, वरची कातडी सोलून, त्या जागी हा ओलावलेला स्राव, म्हणजेच कांबो, लावला जातो. काही मिनिटांतच छाती धडधडते, चेहरा सुजतो आणि जोराच्या उलट्या होतात. यानंतर अंगात बळ येते आणि शिकारीत यश मिळते, अशी त्यांची श्रद्धा आहे.

या स्रावातील पेप्टाइडे (प्रथिनांसारखे, पण लहान रेणू) खरोखरच प्रभावी आहेत. त्यांतील डर्मॉर्फिन तर मॉर्फिनपेक्षा कितीतरी पट तीव्र वेदनाशामक आहे. मात्र उलटी ही त्या पेप्टाइडांच्या विषबाधेची प्रतिक्रिया आहे. तिच्यावाटे साचलेली अशुद्धी बाहेर पडते, याला आधार नाही. शहरी शिबिरांत आधी भरपूर पाणी पाजले जाते, त्यामुळे रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटून झटके आल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत आणि काही मृत्यूही झाले आहेत. ब्राझीलने 2004 मध्ये कांबोच्या औषधी जाहिरातींना बंदी घातली. ऑस्ट्रेलियाने 2021 मध्ये त्याचा समावेश विक्री आणि वापर निषिद्ध असलेल्या विषांच्या यादीत केला. हृदयविकार, अपस्मार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांना आणि गर्भवतींना हा धोका अधिकच संभवतो.