देव तुला वाढवो : दिओताल्लेवी हे आडनाव आलं कुठून?

प्रश्न : आमच्या प्रोजेक्टवर एक इटालियन बाई आहेत, आडनाव दिओताल्लेवी. त्या म्हणाल्या की हे आडनाव इटलीतसुद्धा फार ऐकू येत नाही, आणि त्यांच्या घरात असं सांगतात की पूर्वी टाकून दिलेल्या बाळांना हे नाव द्यायचे. नंतर मला नेटवर राफाएलचं एक चित्र दिसलं, बर्लिनच्या म्युझियममधलं, त्याचं नाव ‘दिओताल्लेवी मॅडोना’, आणि ते म्हणे कुणा सरदार घराण्याकडचं होतं. तिथे एका ठिकाणी स्पेलिंगमध्ये दोन ल होते, दुसऱ्या ठिकाणी एकच. मग हे नाव नक्की कुणाचं, अनाथांचं की सरदारांचं? आणि आज ही माणसं राहतात कुठे?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून खरंच आनंद झाला, कारण हे माझ्या सगळ्यात आवडत्या आडनावांपैकी एक आहे. आडनाव कसलं, अख्खं वाक्य आहे ते. फोडून बघा : दिओ म्हणजे देव, मधला त म्हणजे तुला, आणि अल्लेवी हे ‘अल्लेवारे’ या क्रियापदाचं रूप, म्हणजे वाढवणं, लहानाचं मोठं करणं. आपण कसं आशीर्वाद देताना ‘होवो’, ‘मिळो’, ‘लाभो’ असं शेवटी ओ लावून म्हणतो, तसंच इच्छा सांगणारं हे रूप आहे, म्हणून मराठीत अगदी शब्दाला शब्द बसतो : देव तुला वाढवो.

आता हे कुणाला म्हणत असतील? नुकत्याच जन्मलेल्या बाळाला. मध्ययुगात युरोपात साधारण चारातलं एक मूल पहिल्या वाढदिवसाआधीच जायचं आणि मोठं होईपर्यंत जवळपास निम्मी मुलं हाताशी राहायची नाहीत, त्यामुळे ‘देव तुला वाढवो’ हे आईबापांच्या पोटातून आलेलं वाक्य होतं आणि तेच ते बाळाचं नाव म्हणून ठेवून द्यायचे, की हाक मारली तरी प्रार्थना होईल. ही आडनावं नव्हती तेव्हा, साधी पाळण्यातली नावं होती, आणि अशी नावं मध्य इटलीत भरपूर सापडतात. दिओतिसाल्वी म्हणजे देव तुला वाचवो. पिसाचा तो कलता मनोरा आहे ना, त्याच्या शेजारी जे गोल बाप्तिस्मागृह आहे, ११५२ मध्ये काम सुरू झालेलं, त्याच्या वास्तुकाराचं नाव हेच, आतल्या एका खांबावर कोरलेलं आहे. फ्लॉरेन्समध्ये १३ व्या शतकात एक कवी होता बोन्दिए दिएताइउती, म्हणजे देव तुला मदत करो. अगदी १४६६ मध्ये फ्लॉरेन्सची सत्ता हातात असलेल्या पिएरो दे मेदिचीविरुद्ध कट करणाऱ्यांमध्ये दिएतिसाल्वी नेरोनी नावाचा माणूस आहे, आणि तिथे ते पहिलं नाव आहे, आडनाव नाही, हे लक्षात घ्या.

मायकेलअँजेलोचं आडनाव बुओनारोत्ती, तेही ह्याच गोतावळ्यातलं. बुओन म्हणजे चांगली आणि आरोतो म्हणजे भर, घरात पडलेली चांगली भर. मुलगा झाल्याचा आनंद आहे त्यात. त्याच्या एका भावाचं तर पाळण्यातलं नावच बुओनारोतो होतं, म्हणजे एकाच घरात तेच नाव आणि तेच आडनाव.

मग नावाचं आडनाव कसं झालं? सुरुवातीला माणसाची ओळख बापाच्या नावाने, जोवान्नी दी दिओताल्लेवी म्हणजे दिओताल्लेवीचा जोवान्नी, आणि दोन-तीन पिढ्यांनी मधला ‘दी’ गळून पडला आणि नातवंडा-पतवंडांनाही तेच चिकटलं. पण हे सगळ्यांच्या बाबतीत एकदम झालं नाही. श्रीमंत घरांना आडनाव आधी मिळालं, शेतकऱ्यांना फार उशिरा, आणि खरा रेटा आला तो १५६३ नंतर, जेव्हा ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पाद्र्यांना लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या वह्या ठेवायला लावल्या. वही आली की नाव पक्कं करावं लागतं.

आता बघा, हे आडनाव कमी का आहे त्याचं उत्तर मला इथेच दिसतं. १३ व्या-१४ व्या शतकात लोकांची आवड बदलली, आशीर्वादाची नावं मागे पडली आणि संतांची नावं पुढे आली, जोवान्नी, फ्रान्चेस्को, आन्तोनिओ, पिएत्रो, ह्यांचा नुसता पूर आला. त्यामुळे ज्या काळात बापाचं नाव गोठून आडनाव व्हायचं होतं, त्या काळात दिओताल्लेवी नावाचे बापच थोडे उरले होते. कसलंही शाही गुपित नाही आणि कलंकही नाही, नुसती वेळ चुकली.

अनाथ की सरदार ह्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे बऱ्याच लोकांचा गोंधळ होतो. इटलीत टाकलेल्या बाळांची आडनावं हा एक वेगळाच आणि काळजाला लागणारा भाग आहे. धर्मादाय इस्पितळाच्या भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट असायचं, त्याला रुओता म्हणजे चाक म्हणायचे, बाहेरून बाळ ठेवायचं, फिरवायचं, आणि आतल्या बाईने उचलायचं, ठेवणाऱ्याचं तोंड कुणाला दिसायचं नाही. नेपल्समध्ये आनुन्झिआता नावाच्या संस्थेत असं चाक होतं, ते १८७५ मध्ये बंद झालं. अशा मुलांचं आडनाव एस्पोझितो, म्हणजे ‘बाहेर ठेवलेला’. रोमच्या बाजूला प्रोइएत्ती, म्हणजे टाकलेला. फ्लॉरेन्सला ब्रुनेल्लेस्कीने आराखडा केलेलं, १४४५ मध्ये सुरू झालेलं इन्नोचेन्ती हे बालकाश्रम, त्यावरून इन्नोचेन्ती हेच आडनाव. सिएनाला सांता मारिया देल्ला स्काला हे इस्पितळ, तिथली मुलं देल्ला स्काला. म्हणजे आडनाव सांगितलं की जन्माची गोष्ट उघडी. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला नेपल्सचा राजा म्युरा याने एस्पोझितो हे नाव द्यायला मनाई केली आणि मग अधिकारी दरवेळी नवं आडनाव बनवायला लागले. पण तोवर इतकी मुलं त्या नावाने वाढली होती की आज एस्पोझितो हे देशातल्या पहिल्या पाच आडनावांत आहे.

अधिकाऱ्यांनी बनवलेल्या ह्या नावांचं एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लेखक उंबेर्तो एको. त्यांचे आजोबा असेच सापडलेलं मूल होते आणि एको ही तीन अक्षरं ‘एक्स चेलिस ओब्लातुस’ म्हणजे ‘स्वर्गातून मिळालेली भेट’ ह्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं असावीत, असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं, कारण त्यांच्या एका मित्राला व्हॅटिकनच्या ग्रंथालयात अशा संक्षेपांची यादी सापडली होती. किती प्रेमाने नाव दिलंय बघा, ज्याला कुणी नको म्हटलं त्याला स्वर्गाची भेट म्हणायचं.

तर दिओताल्लेवीसुद्धा अशा बाळाला दिलं गेलं असेल का? नक्कीच शक्य आहे, ‘देव तुला वाढवो’ हे टाकलेल्या बाळाला जितकं लागू पडतं तितकं कुणालाच नाही. तुमच्या सहकारी बाईंच्या घरची आठवण मी खोटी म्हणणार नाही. पण नाव त्याच्या कितीतरी आधीचं आहे आणि मुळात ते आईबाप असलेल्या, हव्याहव्याशा बाळांसाठी होतं. आणि राफाएलच्या चित्राचे मालकही खरेच, साधारण १५०४ चं ते चित्र १९ व्या शतकात रिमिनीच्या एका मार्क्विसकडून, म्हणजे सरदाराकडून, बर्लिनला गेलं, त्यांचं आडनाव दिओताल्लेवी म्हणून चित्राचं नाव तसं. म्हणजे एकच आशीर्वाद वेगवेगळ्या गावात, वेगवेगळ्या शतकात, एकमेकांशी काही नातं नसलेल्या माणसांना दिला गेला. आडनाव दुर्मिळ आहे म्हणजे सगळे एकाच मूळ पुरुषाचे वंशज, हा समज मला फार वेळा दिसतो आणि तो चुकीचा आहे.

एक ल आणि दोन ल ह्याचं उत्तर सोपं आहे. उत्तर इटलीच्या बोलींमध्ये दुहेरी व्यंजन उच्चारतच नाहीत, रिमिनीची रोमान्योल बोली त्यातलीच, त्यामुळे लिहिणाऱ्याने कानाने ऐकून लिहिलं की एक ल गळायचा, आणि पुढचा कारकून टस्कन, म्हणजे फ्लॉरेन्सकडच्या वळणाचा असला की परत दोन. एकाच घराची दोन स्पेलिंग एकाच वहीत मिळू शकतात.

आता आजचं. इटलीत तीन लाखांहून जास्त वेगवेगळी आडनावं आहेत आणि त्यातली बरीचशी मोजक्याच घरांत आहेत, रोस्सी, रुस्सो, फेर्रारी अशी वरची काही नावं सोडली तर बाकी सगळा पसारा बारीक-बारीक. दिओताल्लेवी लोक मुख्यतः रिमिनीच्या आसपास, मार्के प्रांतात, उंब्रियात आणि रोममध्ये आहेत. नकाशावर हे चार भाग जोडून बघा, १८६० पर्यंत हे सगळं पोपच्या राज्यात होतं! ह्या पट्ट्यातल्या लोकांची ये-जा, नोकऱ्या, सगळं रोमकडे, आणि १८७१ मध्ये रोम राजधानी झाल्यावर तर जास्तच. म्हणून रोममधले बरेचसे दिओताल्लेवी मुळात मार्के-उंब्रियातून आलेले असावेत असं मला वाटतं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. नेटवर आडनावांचे जे नकाशे मिळतात ते बऱ्याचदा जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवरून केलेले असतात, एका घरात एक फोन आणि तो बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर, म्हणजे बायका आणि मुलं मोजलीच जात नाहीत. नकाशावरून कुठला भाग ते कळतं, माणसं किती ते नाही.

त्या बाईंना खरंच मूळ शोधायचं असेल तर आडनावाच्या मागे लागू नका म्हणावं, गाव शोधा. पणजोबांचा जन्म कुठल्या कोमूनेत, म्हणजे कुठल्या गावच्या नगरपालिकेत झाला, एवढं कळलं की अर्धं काम झालं. १८६६ पासून इटलीच्या बहुतेक भागात सरकारी जन्म-मृत्यू नोंदी आहेत, त्याआधी नेपोलियनच्या काळातल्या थोड्या वर्षांच्या, आणि त्याच्याही मागे जायचं तर चर्चच्या वह्या. सरकारी अभिलेखागारांचं ‘आन्तेनाती’ नावाचं पोर्टल फुकट आहे, स्कॅन केलेली पानं घरबसल्या बघता येतात. टाकलेलं बाळ असेल तर जन्मनोंदीत आईबापांच्या जागी ‘अज्ञात’ लिहिलेलं असतं, म्हणजे घरची गोष्ट खरी की नाही ते तिथे कळेल.

प्रश्न : अमेरिकेत एलिस आयलंडवर उतरल्यावर क्लार्क लोकांनी इटालियन आडनावं तोडूनमोडून टाकली असं सगळीकडे वाचलंय. एवढं लांब आडनाव तिथे टिकलं असेल का?

उत्तर : ही गोष्ट फार पसरलेली आहे पण तसं घडत नव्हतं. एलिस आयलंड १८९२ ते १९५४ चालू होतं, तिथले अधिकारी नावं लिहून घेतच नसत, जहाजाच्या प्रवासी यादीवर खूण करत, आणि ती यादी जहाज कंपनीने नेपल्स, जेनोआ, पालेर्मो अशा बंदरातच बनवलेली असायची. दुभाषेही असत. आडनाव बदलायचं ते पुढे, शाळेत, कारखान्यात, नागरिकत्वाच्या कागदांवर, आणि खूपदा लोकांनी स्वतःहून बदललेलं असायचं. अजून एक उपयोगी गोष्ट, इटालियन बायका यादीत माहेरच्या आडनावाने असतात, त्यामुळे पणजी सापडत नसेल तर नवऱ्याच्या आडनावाने शोधू नका.

प्रश्न : कमी लोकांचं आडनाव असेल तर ते पुढे संपूनच जाणार ना?

उत्तर : संपू शकतं, आणि ह्याचं गणितही जुनं आहे, १८७० च्या दशकात गाल्टन आणि वॉटसन ह्या दोन इंग्रजांनी हाच प्रश्न मांडला होता की आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे जात असेल तर किती घराणी आपोआप विझतील. कुणाला फक्त मुली झाल्या की ती शाखा संपली. बुओनारोत्तींचं तसंच झालं, शेवटचे थेट वारस कोझिमो १८५८ मध्ये गेले आणि घर फ्लॉरेन्स शहराला मिळालं. कवी दान्तेचं अलिगिएरी मात्र वाचलं, कारण १५४९ मध्ये जिनेव्रा अलिगिएरीचं लग्न सेरेगो घराण्यात झालं आणि पुढच्या पिढीने दोन्ही नावं जोडून सेरेगो अलिगिएरी केलं. व्हेरोनाजवळ वाल्पोलिचेल्लामध्ये दान्तेच्या मुलाने, पिएत्रोने १३५३ मध्ये घेतलेली जमीन आजही त्यांच्याचकडे आहे.

आज इटलीत मुलंच कमी होतायत, १९६४ मध्ये वर्षाला दहा लाखांहून जास्त जन्म होते, २०२४ मध्ये ३ लाख ७० हजारांच्या आसपास. अशा वेळी बारीक आडनावांना सगळ्यात आधी फटका बसणार हे उघड आहे. पण दुसऱ्या बाजूने एक मोठी गोष्ट झाली, २०२२ मध्ये घटना न्यायालयाने १३१ क्रमांकाच्या निकालात बापाचं आडनाव आपोआप लावायची पद्धतच रद्द केली. आता बाळाला आई आणि बाप दोघांची आडनावं मिळतात, क्रम दोघांनी ठरवायचा, आणि दोघांचं एकमत असेल तर एकच ठेवता येतं. इटलीत बाई लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावते, कागदोपत्री तेच चालतं, फक्त ते मुलांपर्यंत पोचत नव्हतं. आता पोचेल. म्हणजे दिओताल्लेवी घरातल्या मुली आजवर शेवटच्या ठरत होत्या त्या आता ठरणार नाहीत. अडचण एकच आहे, ज्याला दोन आडनावं मिळाली तो मोठा झाल्यावर स्वतःच्या मुलाला त्यातलं कुठलं देणार, नाहीतर दोनाची चार आणि चाराची आठ व्हायची, आणि ते ठरवायचं काम न्यायालयाने त्याच निकालात संसदेकडे सोपवलंय.