कोविड ड्युटीचा दाखला आणि फिजिओथेरपिस्टचा हुद्दा : माझा अनुभव (जरा मोठं आहे)

घणसोलीच्या ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. दोन्ही लाटांत कोविड सेंटरला फिजिओचं काम केलंत, कंत्राटदाराने दाखल्यावर 'सहाय्यक कर्मचारी' एवढंच लिहिलं, आणि आता भरतीच्या कागदपत्र पडताळणीत तो अनुभव धरायला कुणी तयार नाही. माझं नेमकं हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते. कौन्सिलची (फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणाऱ्या संस्थेची) नोंदणी, नूतनीकरण, साक्षांकित प्रती वगैरे तुमच्याकडे असणारच, ते सोडून देते. मी वकील नाही. जे केलं आणि त्यातलं जे उपयोगी पडलं तेवढंच सांगते. नियम बदललेही असतील, तेवढं तपासून घ्या.

मार्च २०२० पर्यंत माझी सगळी भिस्त ठाण्याच्या नौपाड्यातल्या ऑर्थोपेडिक पेशंटवर होती. गुडघेबदल, खुब्याची फ्रॅक्चर्स, शिवाय पॅरालिसिसचे काही पेशंट घरी जाऊन. लॉकडाऊन लागला, ठरवून करायच्या शस्त्रक्रिया थांबल्या आणि काम आटलं. केंद्र सरकारच्या २४ मार्चच्या आदेशात दवाखाने सुरू राहतील, पॅरामेडिकल स्टाफला ये-जा करता येईल असं स्वच्छ लिहिलं होतं. पण सोसायटीच्या गेटवर तो कागद कोण वाचणार? 'डॉक्टर असाल तर सोडतो, मसाजवाल्यांना बंदी आहे,' हे मी माजिवड्याच्या एका गेटवर ऐकलंय. वर सहाव्या मजल्यावर स्ट्रोक येऊन महिनाही न झालेले आजोबा होते. पहिले तीन महिने काय मोलाचे असतात ते तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या सुनेला व्हिडिओ कॉलवर शिकवत राहिले, मोबाइल डब्याला टेकवून. टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना २५ मार्चला आल्या, त्याही नोंदणीकृत डॉक्टरांसाठी. आपण त्यात बसतो का, फी घ्यायची का, हे विचारायला जागाच नव्हती.

जुलैमध्ये एमएमआरमधल्या (मुंबई महानगर प्रदेशातल्या) एका कोविड केंद्रात लागले. केंद्राचं नाव घेत नाही, माणसं पुरवणाऱ्या कंत्राटदाराचंही नाही. तेव्हा ठाण्यात पुन्हा कडक लॉकडाऊन होता आणि लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. कंत्राटदाराने दिलेल्या आयकार्डावर फोटो, नाव आणि खाली 'स्टाफ'. कळवा स्टेशनला कार्ड दाखवलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'कसला स्टाफ?' कौन्सिलचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पाकिटात घालून पर्समध्ये ठेवायला लागले, तेव्हा कुठे तिकीट मिळायचं.

आत काय करत होतो ते बाहेरच्यांना अजूनही फारसं माहीत नाही. पालथं झोपवणं म्हणजे पेशंटला नुसतं उलटं करणं नव्हे. छातीखाली उशी, ओटीपोटाखाली उशी, नडग्यांखाली उशी, पोट मोकळं, मान एका कुशीला आणि ती थोड्या थोड्या वेळाने बदलायची. खांद्याची ठेवण चुकली तर माणूस बरा होतो आणि हात उचलता येत नाही म्हणून पुन्हा आपल्याकडेच येतो. दुसरं, चालवून बघणं. पलंगावर बसल्या जागी ऑक्सिजन ९६ आहे म्हणून घरी सोडायची तयारी, आणि सहा मिनिटं चालवलं की ८८. चालवलं नसतं तर ते ८८ घरी जिना चढताना झालं असतं. गॉगलवर वाफ धरलेली, ऑक्सिमीटरचा आकडा दिसावा म्हणून पेशंटचं बोट डोळ्यांजवळ धरायचं. पीपीईत सगळे सारखेच दिसायचे, म्हणून गाऊनवर छातीशी मार्करने नाव आणि खाली 'फिजिओ' लिहायचो. पेशंट त्या नावाने हाक मारायचे. डॉक्टर राउंडला 'फिजिओला विचारा, चालवलं का' म्हणायचे. वॉर्डात हुद्द्याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

शंका आली ती त्या कंत्राटदाराच्या ऑफिसात. केंद्र बंद होताना मी दाखला मागितला, अर्ज लेखी दिला, त्यात हुद्दा लिहिला, डिग्री जोडली. हातात आला तो छापील नमुना. नाव आणि तारखा तेवढ्या पेनाने भरलेल्या, 'सहाय्यक कर्मचारी' आधीच छापलेलं. दुरुस्ती मागितली तर म्हणे, सगळ्यांना हाच फॉरमॅट, नर्सलापण हाच. मग साहेब नाहीत. मग टेंडर संपलं, आता आमचा संबंध नाही. मग रेकॉर्ड गोडाऊनला आहे. ज्या यंत्रणेचं केंद्र होतं तिथे गेलं की ते म्हणत, 'तुम्ही आमच्या कर्मचारी नाही, कंत्राटदाराकडे जा.' कंत्राटदार म्हणे, 'तिकडून पत्र आणा.' काउंटरमागचा माणूस मोबाइलवरची नजर न काढता 'नंतर या' म्हणायचा, ते आठवलं की आजही संताप होतो. त्याला एक ओळ टाइप करायची होती.

त्या एका ओळीपायी माझी कायमस्वरूपी जागा गेली. पडताळणीला बसलेल्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांच्यासमोर जो कागद होता तोच त्या वाचणार. 'फिजिओथेरपिस्ट पदाचा अनुभव' हवा होता, कागदावर ते पद नव्हतं. गुण धरले नाहीत, निवड यादीत नाव आलं नाही.

यात अजून एक गोष्ट आहे, तिचा विचार तेव्हा कुणी करून दिला नाही. ३० मार्च २०२० पासून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं विमा कवच होतं, त्यात कंत्राटी माणसंही येत होती. मला काही झालं असतं तर घरच्यांनी कुठला कागद दाखवला असता? माणूस थेट कोविड पेशंटजवळ काम करत होता हे 'स्टाफ' लिहिलेल्या कार्डावरून कसं सिद्ध करायचं? म्हणून माझं मत ठाम आहे, हुद्दा न लिहिणं ही कारकुनी हयगय म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही.

आता तुम्ही काय करायचं. कंत्राटदाराच्या मागे लागणं सोडा. तो यंत्रणेला जी बिलं लावतो त्यांच्या मागे लागा. माणसं पुरवल्याचं बिल नुसतं रकमेचं नसतं, त्याला हजेरीपत्रक आणि माणसांची यादी जोडलेली असते. बहुतेक ठिकाणी यादीत नाव, पद, दिवस, दर असे रकाने असतात. डॉक्टरचा दर वेगळा, नर्सचा वेगळा, फिजिओचा वेगळा, त्यामुळे बिल काढताना पद लिहावंच लागतं. हे कागद यंत्रणेच्या लेखा विभागात असतात, म्हणजे माहिती अधिकारात मागता येतात. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. 'मला दाखला का दिला नाही' असं विचारू नका, माहिती अधिकारात 'का' ला उत्तर येत नाही. अमुक केंद्र, अमुक ते अमुक महिने, मनुष्यबळ पुरवठ्याच्या देयकांसोबतची हजेरीपत्रकं आणि पदनिहाय यादी, माझ्या नावाच्या नोंदीची साक्षांकित प्रत, एवढंच मागा. पोचवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याची फी २० रुपये. 'त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारलं तर अपिलात लिहा की नोंद माझी स्वतःची आहे, इतरांची नावं झाकून द्या. मला पहिल्या फेरीत हेच कारण देऊन नाकारलं होतं, अपिलात मिळालं. यादीत माझ्या नावापुढे पद नीट लिहिलेलं होतं! उशीर करू नका, जुन्या नस्त्या (फायली) ठरावीक मुदतीनंतर काढून टाकतात.

त्याला जोड म्हणून बाकीचे पुरावे. फॉर्म २६एएस, म्हणजे आयकर खात्याकडचा आपल्या करकपातीचा उतारा, काढून बघा. टीडीएस कापला असेल तर कापणाऱ्याचं नाव, तारखा आणि कलम दिसतं. कलम १९४जे असेल तर ते व्यावसायिक सेवेचं मानधन, तुमच्या बाजूचा कागद. पीएफ कापला असेल तर पासबुकात आस्थापनेचं नाव आणि महिने सापडतील. लसीचं प्रमाणपत्रही जोडा. १६ जानेवारी २०२१ पासून आधी फक्त आरोग्य कर्मचाऱ्यांनाच लस होती, त्यामुळे जानेवारीतला पहिला डोस तुम्ही कुठल्या यादीत होता ते सांगतो. ड्युटी रोस्टरचे व्हॉट्सअॅप फोटो असतील तर प्रिंट काढून ठेवा, पण एकट्या त्यावर विसंबू नका. केंद्रातल्या डॉक्टरांनी स्वतःच्या नोंदणी क्रमांकासह पत्र दिलं तर उत्तम. माझ्या वेळच्या एका डॉक्टरांनी बदली होऊनही पत्र पाठवलं, त्यांचे उपकार विसरणार नाही.

शंभर दिवसांच्या कोविड ड्युटीला सरकारी भरतीत प्राधान्य, हे ३ मे २०२१ ला केंद्र सरकारने जाहीर केलं होतं. त्याच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक जाहिरातीत ते आपल्या पदाला लागू केलंय का, ते ओळ न् ओळ वाचून घ्या. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर (डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्य व्यावसायिकांच्या) कायद्याच्या अनुसूचीत फिजिओथेरपी स्वतंत्र वर्ग म्हणून आहे, तेवढं पान आपल्या फाइलमध्ये ठेवा. कुणी 'तुम्ही सहाय्यकच ना' म्हणालं तर समोर ठेवायला बरं पडतं.

मला यादीची प्रत मिळाली तोवर ती भरती संपली होती. पुढे एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये मात्र तोच कागद अनुभव म्हणून धरला, पगारही त्यानुसार लागला. तुमची निवड यादी अजून लागलेली नाही असं पोस्टवरून दिसतंय. तसं असेल तर आजच पडताळणी समितीला लेखी कळवा की पदाच्या पुराव्यासाठी माहिती अधिकारात अर्ज केलाय, आणि आवक क्रमांक त्यात टाका. अर्जाचा मसुदा लिहून इथे टाकलात तर मी बघून देईन. केंद्राचं नाव आणि तुमचा नोंदणी क्रमांक तेवढा झाका.