स्टार्ट करणं वेगळं आणि रोल वेगळा

अगं,

परवा तुझ्या सरांचा फोन आला होता. त्यांचं म्हणणं, बास्केटबॉलच्या स्टेटला पॉइंट गार्ड म्हणून, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारी म्हणून, तुलाच स्टार्ट करायचं, पहिल्या पाचात उतरवायचं, कारण तुमची कॅप्टन आता एज ग्रुपमधून बाहेर गेली आणि तिच्याजागी दुसरं आहे कोण. असिस्टंट मॅडम म्हणतात अजून एक सीझन बेंचवरून येऊ दे, पोरगी एकदा घाबरली की पुढचं सगळं वर्ष तिला त्यातून बाहेर काढण्यात जातं. तुझे बाबा म्हणतात बारावी आहे. म्हणजे तुझ्याबद्दल तिघांची चर्चा चाललीये आणि तुला कुणी काही विचारलेलं नाही, मग रात्री उशिरा तुझा मेसेज येतो की ताई मी रेडी आहे का सांग ना. आता यावर नुसतं हो लिहून पाठवलं असतं तर तू लगेच स्क्रीनशॉट काढून सरांना दाखवला असतास हे मला माहितीये, म्हणून जरा लांबलचक लिहितेय, नीट बसून वाच.

पहिलं म्हणजे सरांचं गणित मला पटत नाही. बारा-तेरा मिनिटांत आठ पॉइंट्स काढते तर तीस मिनिटांत अठरा-वीस काढेल. असं होत नसतं गं. तू आत जातेस तेव्हा समोरच्यांची मेन डिफेंडर एक तर बेंचवर बसून पाणी पीत असते नाहीतर तिचे तीन फाउल झालेले असतात आणि पाचव्याला बाहेर जावं लागेल या भीतीने ती लांबूनच हात दाखवत असते. मुख्य म्हणजे मॅचच्या आधी त्यांच्या कोचने जे काही समजावलेलं असतं त्यात तुझं नावच नसतं. स्टार्ट करायला लागलीस की दोन-तीन मॅचेसमध्ये सगळ्यांना कळतं की ही उजवीकडूनच जाते, डाव्या हाताचा लेअप (बास्केटजवळ जाऊन टाकायचा शॉट) टाळते, आणि मग खास तुझ्यासाठी एक पोरगी ठेवली जाते जिला त्या दिवशी दुसरं कामच नसतं. रोल वाढला की समोरच्यांचं तुझ्यावरचं लक्ष वाढतं, मिनिटं त्यामानाने किरकोळ.

तू एनबीएमधल्या (अमेरिकेतली प्रो लीग) जेम्स हार्डनचं उदाहरण दिलंस, सगळेच देतात. ओक्लाहोमा सिटीत ड्युरंट आणि वेस्टब्रुक या स्टार्सच्या मागे बेंचवरून यायचा, 2011-12 मध्ये मॅचला 16.8 पॉइंट्सच्या ॲव्हरेजने सिक्स्थ मॅन ऑफ द इयर (बेंचवरून येणाऱ्यांतला बेस्ट) झाला, मग ऑक्टोबर 2012 मध्ये ह्यूस्टनला ट्रेड झाला आणि तिथे पहिल्याच मॅचला 37 पॉइंट्स आणि 12 असिस्ट (ज्यावर बास्केट होते असे पास), सीझनचं ॲव्हरेज जवळपास 26. बरोबर आहे सगळं. पण त्याच वर्षी त्याचं शूटिंग 49 टक्क्यांवरून 44 च्या आसपास आलं हे कुणी सांगत नाही. म्हणजे जे उदाहरण सगळ्यात भारी म्हणून देतात त्यातसुद्धा आकडा खालीच आलाय. दुसऱ्या टोकाला जॉर्डन पूल बघ. स्टेफ करीसारखा स्टार शेजारी होता तेव्हा 18.5 चं ॲव्हरेज, 2022 ची चॅम्पियनशिप, आणि 2023 मध्ये वॉशिंग्टनला जाऊन टीमच त्याच्या हातात आली तर पॉइंट्स कमी, शूटिंग पडलेलं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये थेट बेंचवर. पोरगा तोच होता, पण आधी डिफेन्स करीकडे पळायचा आणि आता सगळा त्याच्याच अंगावर यायला लागला. त्यामुळे खाली येणार हे धरूनच चाल, किती खाली येतेस आणि तिथे काय करतेस एवढंच बघायचं.

मला विचारशील तर या सगळ्यात शिकण्यासारखी केस टायरीस मॅक्सीची आहे. 2020 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या प्लेअरच्या निवडीत) एकविसावा, फिलाडेल्फियाने घेतला. जानेवारी 2021 मध्ये कोविडच्या भानगडीत त्यांच्याकडे डेन्व्हरविरुद्ध खेळण्यासारखे जेमतेम सात जण उरले, म्हणून या वीस वर्षांच्या पोराला आयुष्यातला पहिला स्टार्ट मिळाला आणि त्याने 39 पॉइंट्स मारले. मॅच हरले, पण 39. आता आपल्याकडे असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आणि पोरीच्या मामांचा सिलेक्टरला फोन, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. तिकडे काय झालं, बाकीचे प्लेअर बरे होऊन परत आले आणि मॅक्सी परत बेंचवर, त्या पूर्ण सीझनचं ॲव्हरेज पंधरा मिनिटं आणि 8 पॉइंट्स. लोक चिडले होते की एवढं खेळून दाखवलं तरी का बसवता. आणि मला तेव्हाही वाटलेलं की बरोबर करतायत, कारण तो तेव्हा थ्री (लांबून मारायचा तीन पॉइंट्सचा शॉट) 30 टक्क्यांनी मारत होता, म्हणजे रोज स्टार्ट केला असता तर डिफेंडर दोन पावलं मागे उभे राहिले असते आणि त्याचा स्पीड, जो त्याचा सगळा जीव आहे, तोच वाया गेला असता. पुढच्या वर्षी बेन सिमन्स टीमकडून खेळायलाच तयार नव्हता, जागा रिकामी झाली आणि मॅक्सी 35 मिनिटं खेळायला लागला तेव्हा त्याचा थ्री जवळजवळ 43 टक्क्यांवर गेला होता, ॲव्हरेज 17.5. मग हार्डन आला, गेला, आणि 2023-24 मध्ये बॉल पूर्णपणे याच्या हातात, 25.9 आणि मोस्ट इम्प्रूव्ह्ड प्लेअर.

पण यातले पॉइंट्स सोड. त्या 25.9 च्या वर्षी त्याचे टर्नओव्हर, म्हणजे हातातून घालवलेले बॉल, मॅचला दोनपेक्षा कमी होते. एवढा बॉल हातात, रोज समोरच्यांचा बेस्ट डिफेंडर अंगावर, आणि बॉल जातच नाही. ही सवय त्याला बेंचवरच्या पंधरा मिनिटांपासून होती. रोल मोठा झाल्यावर पॉइंट्स वाढतात, शूटिंग पडतं, ॲव्हरेज वर-खाली होतं, पण बॉल सांभाळायची सवय असेल तर ती बरोबर येते आणि नसेल तर तीच सगळ्यात आधी उघडी पडते.

आता तू म्हणशील केटलिन क्लार्कचं काय. बरोबर, तिने 14 मे 2024 ला डब्ल्यूएनबीएमध्ये (अमेरिकेतली बायकांची प्रो लीग) पहिली मॅच खेळली, कनेक्टिकटने धक्के मारून हैराण केलं, 20 पॉइंट्स आणि दहा टर्नओव्हर. दहा! तिची टीम पहिल्या पाचही मॅच हरली. पूर्ण सीझनमध्ये मॅचला साडेपाचच्या वर टर्नओव्हर, लीगच्या इतिहासात एका सीझनमध्ये कुणीच एवढे केले नव्हते. पण त्याच सीझनमध्ये 337 असिस्ट, तोही तेव्हाचा रेकॉर्ड, जुलैत डॅलसविरुद्ध एकाच मॅचमध्ये 19. आदल्या वर्षी 13 मॅच जिंकलेली टीम 20 जिंकून आणि 20 हरून प्लेऑफला (बाद फेरीला) पोचली. तिचे बरेचसे टर्नओव्हर पुढे बघून टाकलेल्या पासचे होते, पकडणारीचे हात तयार नसायचे, बॉल बोटांना लागून बाहेर जायचा. ऑलिंपिकच्या सुट्टीनंतर त्याच पासांवर लेअप व्हायला लागले. असा टर्नओव्हर दिसला तर मी कोच असते तर गप्प बसले असते. तुझे तसे नाहीत.

तुझ्या मागच्या मॅचचा व्हिडिओ सरांनी पाठवला, मी तिसरा क्वार्टर परत परत बघितला. त्यांनी प्रेस लावली (आपल्याच हाफमध्ये अंगावर येऊन बॉल अडवायला लागल्या), तू बॉल घेऊन उजव्या साइडलाइनने निघालीस, आठ सेकंदांत हाफ लाइन ओलांडावी लागते त्या भीतीने ती कशीबशी ओलांडलीस आणि ओलांडल्या ओलांडल्या ड्रिबल थांबवून बॉल दोन्ही हातांत धरलास. तिथेच दुसरी पोरगी धावत आली. बघ, त्या कोपऱ्यात साइडलाइन एक डिफेंडर आणि हाफ लाइन दुसरी, मागे जाऊ शकत नाहीस, म्हणजे दोन पोरी आल्या की समोर चार जणी उभ्या असल्यासारखंच. तू मान वर करून बेंचकडे बघितलंस. अगं, एनबीएमध्ये असं अडकल्यावर प्लेअर स्वतः टाइम-आऊट मागू शकतो, आपण फिबाच्या (आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) रूल्सनी खेळतो, आपल्याकडे टाइम-आऊट फक्त बेंचवरून मागता येतो आणि तोसुद्धा चालू खेळात मिळत नाही. बेंचकडे बघून काही उपयोग नव्हता. आणि ही एकाच वेळची गोष्ट असती तर मी बोललेही नसते, त्या क्वार्टरमध्ये बॉल तीनदा त्याच जागी गेला. चौथ्यांदा मात्र तू हाफ लाइनच्या एक पाऊल आधी थांबलीस, ड्रिबल जिवंत ठेवलंस, मागे सरकून डाव्या हातावर घेतलंस आणि मधल्या पोरीला पास दिलास. तिने लेअप चुकवला, स्कोअरशीटवर काहीच आलं नाही. तो पास बघून मी सरांना फोन लावला.

त्यांना जे सांगितलं ते तुलाही सांगते. स्टार्ट कुणी करायचं यावर तुम्ही भांडत बसलात पण मॅच संपताना बॉल कुणाच्या हातात असेल यावर कुणीच बोललं नाही. मनू जिनोबिली सॅन अँटोनिओकडून करिअरमधल्या बहुतेक मॅचेस बेंचवरून खेळला, चार चॅम्पियनशिप घेतल्या, आणि शेवटच्या पाच मिनिटांत तो कोर्टवर असायचाच. त्यामुळे माझं मत असं की स्टेटच्या लीग मॅचेसना तुला स्टार्ट करू नये, पण समोरच्यांनी प्रेस लावली की लगेच आत घालावं आणि चौथा क्वार्टर पूर्ण तुझा, हरत असलो तरी, दोन बॉल घालवलेस तरी बाहेर काढायचं नाही. मॅडम म्हणतात तसं नुसतं थांबून कुणी तयार होत नाही आणि सर म्हणतात तसं पाण्यात ढकललं की पोहता येतं यावर माझा विश्वास नाही, बुडणारेही तसेच बुडतात. सरांना अर्धवट पटलंय. मॅडमना मी अजून बोलले नाहीये, तू मध्ये पडू नकोस.

तुझ्याकडून मला दोन-तीन गोष्टी हव्यात. एक म्हणजे तुझ्या त्या मोठ्या फॉरवर्डशी बोल. आत्तापर्यंत तू बेंचवरून यायचीस, येऊन दोन शॉट मारायचीस आणि ती टाळ्या वाजवायची. बॉल तुझ्याकडे आला की तिला तो कुठे मिळणार हे तू ठरवणार, आणि सीनियर पोरीला ज्युनियरकडे बॉल मागावा लागतो तेव्हा काय होतं हे कुठल्याही आकड्यात दिसत नाही. तिला आधीच विचार, तुला पोस्टमध्ये (बास्केटजवळ) बॉल कुठल्या खांद्यावर हवा. मस्का म्हणून नाही, खरंच विचार, तिला उत्तर माहिती असेल आणि तुला नसेल.

दुसरं गुडघे. तेरा मिनिटांवरून पंचवीसवर गेलीस तर पाय पहिल्यांदा बोलतील, आणि मुलींमध्ये एसीएलची (गुडघ्यातल्या लिगामेंटची) दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते, बहुतेक वेळा कुणी न धडकता, नुसतं उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो म्हणून. मॅचच्या दिवशी सकाळी शंभर थ्री मारण्यापेक्षा एका पायावर नीट उतरायची प्रॅक्टिस कर, आरशासमोर, गुडघा बोटांच्या रेषेत राहतोय ना बघत. कंटाळवाणं आहे. कर.

आणि डावा हात. दात घासण्यापासून सुरू कर म्हणायचे आमच्या वेळचे कोच, ते सोड, तू फक्त प्रॅक्टिसमध्ये प्रेस ब्रेक करताना एक आठवडा उजवी साइडलाइन पूर्ण बंद समज. बॉल जाईल, सर ओरडतील, जाऊ दे. मी त्यांना सांगून ठेवलंय.

लीग मॅचेस झाल्या की मला फक्त प्रेसचे तुकडे कापून पाठव, बास्केट गेलेले नकोत, ते तू स्टेटसला टाकशीलच. आणि बाबांना सांग संध्याकाळी मला फोन करायला, बारावीचं वेळापत्रक आणि कॅम्पच्या तारखा समोर ठेवून बोलू म्हणावं, प्रॅक्टिकल्स कधी आहेत ते आधी कॉलेजमध्ये विचारून घे.

ताई