दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकताना गाडी हिसका का देते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नुकतंच लायसन्स मिळालंय, रोज कासारवडवलीहून ऐरोलीला पेट्रोल हॅचबॅक घेऊन जाता आणि दुसऱ्यावरून तिसरा टाकला की गाडी हिसका देते. घरचे म्हणतात पटकन बदल, ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणाले क्लच हळू सोडा, आणि आता क्लच प्लेट बदलायची चर्चा सुरू झालीय. गॅरेजला जायच्या आधी हे वाचा. तुमच्या वर्णनावरून मला तरी दोष गाडीत दिसत नाही.

क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स सुटे होतात. परत जोडले जाताना दोघांच्या फिरण्याच्या वेगात जेवढा फरक उरला असेल तेवढा हिसका बसतो. हा फरक किती असतो ते बघा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत ताशी ३० किमीला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन साधारण २२०० आरपीएमवर (म्हणजे मिनिटाला २२०० फेऱ्यांवर) असतं, तिसऱ्यात त्याच वेगाला ते १५००च्या आसपास लागतं. म्हणजे गिअर बदलताना आरपीएमचा काटा २२०० वरून १५०० वर यायला हवा, आणि तो तिथे असतानाच क्लच जोडला गेला पाहिजे. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना तर आरपीएम जवळजवळ निम्मे होतात. म्हणून तो बदल सगळ्यांनाच अवघड जातो, तुम्हाला एकट्यालाच नाही.

आता हिसका कसा बसतो ते नीट लक्षात घ्या, कारण उपाय त्यावर ठरतो. डोकं पुढे जात असेल, ब्रेक लागल्यासारखं, तर तुम्ही उशीर करताय. तेवढ्या वेळात आरपीएम आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असतं त्या ७००-८०० वर उतरतात आणि क्लच सुटला की चाकांना इंजिन ओढत वर न्यावं लागतं. डोकं मागे सीटला टेकत असेल तर उलट झालंय: आरपीएम अजून वर असतानाच क्लच सोडला, किंवा उजव्या पायाने रेस पूर्ण सोडलीच नाही. तुम्ही लिहिलंय की सगळे पुढे झुकतात. म्हणजे घरच्यांचं ‘पटकन’ अर्धं बरोबर आहे, आणि स्कूलचं ‘हळू’ तुमच्या त्रासात भरच घालतंय.

अर्धंच बरोबर म्हणतो, कारण नवीन पेट्रोल गाड्यांत रेस सोडल्यावर आरपीएम लगेच पडत नाहीत. प्रदूषणाच्या नियमांसाठी इंजिनचा संगणक ते क्षणभर वर धरून ठेवतो. अशा गाडीत फार घाई केली तर डोकं मागे जातं. दर गाडीची ही लय वेगळी असते, आणि ती ओळखायची सोपी युक्ती आहे. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. रेस देऊन काटा २२०० वर न्या, पाय सोडा आणि तो १५०० वर यायला किती वेळ लागतो ते मनात मोजा. तिसरा टाकताना तुमच्याकडे तेवढाच वेळ आहे. पाच-सहा वेळा करा, कानाला तो आवाज कळायला लागतो. एकदा कान तयार झाला की काट्याकडे बघावं लागत नाही, आणि रस्त्यावर नजर काट्यावर नसलेलीच बरी.

तुमचा उशीर बहुतेक हातामुळे होतोय. तिसरा शोधताना दांडा चाचपडताय ना? पाच गिअरच्या गाडीत न्यूट्रलमध्ये दांडा सोडला की तो स्प्रिंगमुळे आपोआप मधल्या रांगेत, तिसऱ्या-चौथ्याच्या ओळीत येतो. म्हणून दुसऱ्यावरून मागून पुढे न्यूट्रलला आणा, पकड सैल करा आणि मोकळ्या तळव्याने सरळ पुढे ढकला. उजवीकडे-डावीकडे काहीच करायचं नाही. मूठ आवळून जे लोक बदलतात त्यांचा तिसरा कधी पहिल्याकडे जातो, कधी पाचव्याकडे. आणि दांडा ताकदीने कोंबू नका. आत सिंक्रो रिंग असते, तिला गिअरचा वेग जुळवायला क्षणभर द्या, गिअर आपोआप आत ओढला जातो.

क्लच सोडण्याबद्दल माझं स्पष्ट मत: सुरुवातीचा भाग पटकन, जिथे क्लच पकडायला लागतो तिथे क्षणभर थांबून, उरलेला परत पटकन. पूर्ण प्रवास संथ ठेवायची गरज फक्त गाडी जागेवरून हलवताना. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतात, त्यामुळे शिकणाऱ्याच्या डाव्या पायाला ही जागा कधी नीट सापडतच नाही. ती सापडण्यासाठी रविवारी सकाळी ऐरोलीत आयटी पार्कच्या मागच्या मोकळ्या रस्त्यांवर जा. रेसला अजिबात हात... म्हणजे पाय न लावता, सपाट जागी, नुसत्या क्लचवर पहिल्या गिअरमध्ये गाडी हलवा, थांबवा, परत हलवा. माझ्या भाचीला मी सगळ्यात आधी हेच करायला लावलं होतं, बाकीचं तिला भराभर जमलं.

तिसरा टाकल्यावर क्लच पकडतोय तिथेच उजव्या पायाने अगदी हलकी रेस सुरू करा. क्लच पूर्ण सुटेपर्यंत थांबलात तर डोकं परत पुढे जाईल.

गिअर खाली आणताना हिशोब उलटा होतो. घोडबंदर रोडवर कापूरबावडीला गर्दी दिसली, तिसऱ्यावरून दुसरा टाकायचाय, तर इंजिनला वर जायचंय. आधी ब्रेकने वेग २०-२५ वर आणा, मग दुसरा टाका, आणि क्लच सोडण्याआधी रेसला किंचित स्पर्श करा. गायमुख घाट उतरतानाही हेच. तिथे गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात ठेवून उतरा, न्यूट्रलमध्ये कधीच नाही.

माजिवड्यापासून विटाव्यापर्यंतच्या रांगेत मात्र गिअर सफाईने बदलण्याचा नाद सोडा. पुढच्या गाडीशी अंतर राहू द्या, थोडी जागा झाली की पहिल्यात एकदाच पुढे जा, क्लच पूर्ण सोडून. अर्ध्या क्लचवर गाडी तरंगत ठेवली की प्लेट तापते आणि जळका वास येतो. मोठ्या सिग्नलला न्यूट्रल करून डावा पाय क्लचवरून काढा. चढावर थांबलात तर हँडब्रेक.

आणि क्लच प्लेट गेलीय का, हे तुमचं तुम्हालाच बघता येतं. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाला जोरात रेस द्या. आरपीएम झपकन वर गेले आणि वेग तसाच राहिला, तर प्लेट घसरतेय, बदलावी लागेल. काटा आणि वेग बरोबरीने वाढले, तर पैसे खर्च करू नका. क्लच पूर्ण दाबूनही गिअर टाकताना करकर आवाज येत असेल तर गोष्ट वेगळी. मग क्लचची केबल किंवा त्याचं ऑइल मेकॅनिककडून तपासून घ्या, आणि काय निघालं ते इथे लिहा.