वाचकांचे प्रश्न : विघटन-तापमान नक्की कोणते?

प्रश्न : टीएटीबी या उष्णतारोधी स्फोटकाचे विघटन-तापमान प्रत्येक शोधनिबंधात वेगळे दिसते. खरे कोणते? – एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : सगळीच खरी असू शकतात. डीएससीत (नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो किंवा सोडतो ते मोजणाऱ्या यंत्रात) तापवण्याचा वेग वाढला की आलेखातले विघटनाचे शिखर वरच्या तापमानाला सरकते. वेग न दिलेला आकडा निरुपयोगीच. नमुना १ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा. जास्त घेतला तर तो स्वतःच्याच उष्णतेने तापतो, शिखर वाकडे येते, सेन्सरही जाऊ शकतो. आधी इंडियम या धातूच्या वितळणबिंदूवर (१५६.६ अंश सेल्सिअस) यंत्र तपासा. मग मिनिटाला २, ५, १० आणि २० अंश अशा वेगांनी मोजून किसिंजर पद्धतीने (वेगानुसार शिखर किती सरकते त्यावरून) सक्रियण ऊर्जा, म्हणजे विघटन घडायला लागणारी किमान ऊर्जा, काढा. आणि हे कळकळीने सांगतो : स्फोटकांचे परवाने देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे, नमुना मागवण्याआधी परवान्याची चौकशी तिथे करा.