पदवी, परवाना आणि उड्डाणाचे तास: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझा मुलगा यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाला असून त्याला वैमानिक व्हायचे आहे. एका खासगी विद्यापीठाच्या ‘बी.एस्सी. एव्हिएशन’ या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची माहितीपुस्तिका आमच्याकडे आली आहे. ही पदवी घेतल्यावर तो विमान कंपनीत वैमानिक होऊ शकेल का? – एक पालक, कराड

उत्तर : केवळ या पदवीच्या बळावर होऊ शकणार नाही. विमान चालवण्यासाठी लागतो तो व्यावसायिक वैमानिक परवाना, म्हणजे सीपीएल, आणि तो देण्याचा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, अर्थात डीजीसीएला आहे. कोणत्याही विद्यापीठाला नाही. या परवान्यासाठी कायद्याने पदवी लागतही नाही. भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी उत्तीर्ण असणे, वयाची १८ वर्षे पूर्ण असणे, वैद्यकीय पात्रता, लेखी परीक्षा आणि किमान २०० तासांचे उड्डाण या त्याच्या मुख्य अटी आहेत. तेव्हा माहितीपुस्तिकेत पहिल्यांदा शोधायचे ते एवढेच, की तीन वर्षांच्या शुल्कात प्रत्यक्ष उड्डाणाचे तास आहेत की नाहीत. अनेक अभ्यासक्रमांत ते नसतात. तेथे विमानतळ व्यवस्थापन, हवामानशास्त्र, विमानाची रचना असे विषय शिकवले जातात, जे उपयोगाचे असले तरी त्यातून परवाना हाती येत नाही. उड्डाण प्रशिक्षण आणि पदवी दोन्ही बरोबरीने देणाऱ्या संस्थाही आहेत आणि त्यांचा विचार जरूर करावा, कारण वैद्यकीय कारणाने उड्डाण थांबले तर पदवीचा आधार राहतो.

२०० तास म्हणजे नुसते आकाशात राहणे नव्हे. त्यांपैकी १०० तास विद्यार्थ्याने विमानाची सर्व जबाबदारी स्वतःकडे घेऊन, म्हणजे ‘पायलट इन कमांड’ म्हणून उडवलेले असावे लागतात. त्यात क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणापर्यंतची, उड्डाणे येतात आणि त्यांतील एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचे, म्हणजे सुमारे साडेपाचशे किलोमीटरचे, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून केलेले असावे लागते. रात्रीची उड्डाणे आणि केवळ उपकरणांच्या आधारे केलेली उड्डाणेही या २०० तासांत असावी लागतात. जोडीला हवाई नियमन, दिशादर्शन, हवामान आणि तांत्रिक विषयांचे पेपर असतात, ज्यांत उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. शिवाय रेडिओवर बोलण्याचा परवाना स्वतंत्र परीक्षा देऊन मिळवावा लागतो.

माझा आग्रहाचा सल्ला असा, की कोठेही पैसे भरण्यापूर्वी मुलाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून आधी ‘क्लास टू’ आणि नंतर ‘क्लास वन’ प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि व्यावसायिक परवाना ‘क्लास वन’शिवाय मिळत नाही. चष्मा असणे ही स्वतःहून अपात्रता ठरत नाही, परंतु रंगदृष्टीचा किंवा हृदयाचा दोष प्रवेश घेतल्यानंतर उघड झाला तर भरलेले पैसे परत मिळवणे किती कठीण असते, याचा अनुभव अनेक पालकांना आहे.

संस्था निवडताना इमारत पाहू नये, विमाने मोजावीत. कागदावर दहा विमाने असतात आणि त्यांतील चार सुट्या भागांची वाट पाहत हँगरमध्ये उभी असतात, हे चित्र दुर्मीळ नाही. आज उडण्यायोग्य विमाने किती, इन्स्ट्रक्टर किती, विद्यार्थी किती आणि मागील तुकडीला २०० तास पूर्ण करायला किती महिने लागले, हे चार प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे संस्थेतील सध्याच्या विद्यार्थ्यांकडूनही पडताळून घ्यावीत. आपल्याकडे पावसाळ्यात ढग खाली येतात, तर उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीत धुके असते, त्यामुळे वर्षाचे काही महिने छोटी विमाने जमिनीवरच राहतात आणि हा वेळ वेळापत्रकात धरलेला आहे की नाही, हे पाहणे आवश्यक ठरते. डीजीसीएने २०२५ पासून उड्डाण प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवार क्रमवारी जाहीर करण्यास सुरुवात केली आहे, तीही पाहावी. रायबरेलीजवळच्या फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही केंद्र सरकारची संस्था असून तेथे प्रवेश परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो. महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, शिरपूर येथे प्रशिक्षण चालते.

खर्चाबाबत स्पष्ट सांगायचे तर परवान्यापर्यंतच साधारण पन्नास लाखांची तयारी ठेवावी लागते, आणि एअरबस किंवा एटीआरसारख्या विशिष्ट विमानाचे ‘टाइप रेटिंग’, म्हणजे ते विमान चालवण्याची पात्रता, बहुधा त्यावर वेगळे पडते. संपूर्ण रक्कम एकदम भरू नये. उड्डाणाचे तास जसजसे पूर्ण होतील तसतसे हप्ते देण्याची अट लेखी करारात घालून घ्यावी.

प्रश्न : माझी भाची अमेरिकेतील एका विद्यापीठात एव्हिएशनची पदवी घेण्याचा विचार करत आहे. तेथील बहुतेक पदवीधर आधी इन्स्ट्रक्टर होतात असे ती म्हणते. असे का, आणि भारतात परतायचे असल्यास हा मार्ग योग्य आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : याचे कारण तेथील नियमांत आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि २०१३ पासून प्रवासी विमान कंपनीतील सह-वैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांच्या अनुभवाची अट लागू झाली. व्यावसायिक परवाना २५० तासांच्या आसपास मिळतो. उरलेले तास कमावताना पोट भरायचे असेल तर शिकवणे हा सर्वांत सरळ उपाय, म्हणून कालचा विद्यार्थी आज इन्स्ट्रक्टर होतो. मान्यताप्राप्त विद्यापीठात एव्हिएशनची पदवी आणि उड्डाण प्रशिक्षण दोन्ही पूर्ण केल्यास ही अट १००० तासांवर येते, आणि तेथे पदवीला जे व्यावहारिक मोल आहे ते मुख्यतः या सवलतीमुळे आहे.

भारतात सह-वैमानिकासाठी अशी अट नाही. व्यावसायिक परवाना, बहुइंजिनी विमान चालवण्याची व केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता (इन्स्ट्रुमेंट रेटिंग) आणि टाइप रेटिंग असलेला २०० तासांचा उमेदवारही कंपनीच्या निवड प्रक्रियेतून घेतला जाऊ शकतो. त्यामुळे परतायचेच असेल तर चार वर्षांच्या अमेरिकी पदवीचा खर्च केवळ परवान्यासाठी करणे मला पटत नाही. परतल्यावरही परवान्याचे भारतीय परवान्यात रूपांतर करण्यासाठी येथील लेखी परीक्षा, उड्डाण चाचणी आणि डीजीसीएची वैद्यकीय तपासणी या पायऱ्या चुकत नाहीत. मात्र शिकवण्यातून मिळणारा सराव खरोखर मोलाचा असतो, हे मान्य केले पाहिजे. विद्यार्थ्याच्या हातातील विमान कोणत्या क्षणी चुकीच्या दिशेने जाऊ लागते हे ओळखून, पण घाईने नियंत्रण न घेता त्याला ते दुरुस्त करू देणे, हे काम वैमानिकाची निर्णयक्षमता पक्की करते. एफ-१, म्हणजे विद्यार्थी, व्हिसावर शिकलेल्या पदवीधराला पदवीनंतर साधारण एक वर्ष आपल्या क्षेत्रात काम करता येते. त्या मुदतीत इन्स्ट्रक्टर म्हणून तास जोडावेत आणि मग परतावे, असा विचार असेल तर हा मार्ग अर्थपूर्ण ठरतो. परदेशी विद्यार्थ्याला तेथे उड्डाण प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी सुरक्षा यंत्रणेची मंजुरी घ्यावी लागते, हेही तिने लक्षात ठेवावे.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेतून बारावी केली आहे. वैमानिक होण्याचा विचार सोडून द्यावा का? – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : सोडून देऊ नये. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीचे भौतिकशास्त्र व गणित हे दोन विषय स्वतंत्रपणे देता येतात. ते उत्तीर्ण होईपर्यंत वैद्यकीय तपासणी उरकून घ्यावी.

प्रश्न : भारतात इन्स्ट्रक्टर म्हणूनच काम करायचे असेल तर काय करावे लागते? – एक वाचक, नाशिक

उत्तर : व्यावसायिक परवान्यानंतर प्रथम सहायक उड्डाण प्रशिक्षकाचे रेटिंग घ्यावे लागते. सहायक प्रशिक्षक हा पूर्ण रेटिंग असलेल्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवतो आणि पुरेसा अनुभव व चाचणी यांनंतर पूर्ण रेटिंगसाठी पात्र होतो. या प्रशिक्षणात उड्डाणाइतकाच वेळ जमिनीवरील पाठ मांडण्यात जातो, आणि चांगला वैमानिक असूनही नेमके येथे अडखळणारे उमेदवार असतात. प्रशिक्षकांची आपल्याकडे चणचण आहे. वेतन विमान कंपनीपेक्षा कमी आणि कामाचे ठिकाण बहुधा लहान गावातील धावपट्टी, एवढे मान्य असेल तर काम मिळण्यास फारशी अडचण येऊ नये.