गावातून 40 जण नेपाळला न्यायचे आहेत, मुक्तिनाथसकट 10 दिवसांत होईल का?

तुमचा बेत असा दिसतो: दारव्ह्याकडून एक बस, 40 माणसं, निम्मे साठीच्या वरचे, आणि 10 दिवसांत लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, मनकामना, पशुपतिनाथ.

रात्री बस चालवली तरच होतं. म्हणून नका करू.

हिशेब मांडून पाहा. गाव ते नेपाळ सीमेवरचा सोनौली नाका हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे जायला दोन दिवस, यायला दोन. सोनौलीहून पोखरा अंतरानं 180 किलोमीटरच, पण घाटाचा रस्ता, अख्खा दिवस खातो. पोखऱ्याहून मुक्तिनाथ करून परत यायला तीन दिवस. पोखरा-काठमांडू एक, काठमांडूत एक, तिथून सोनौली एक. 11 झाले, आणि यात विसावा एकही नाही. आपल्याकडचे आयोजक भाव दिवसावर धरतात, म्हणून दिवस कापतात आणि ठिकाणं तशीच ठेवतात. 13 दिवस धरा, नाहीतर मुक्तिनाथ सोडा. दुसरा मार्ग म्हणजे नागपूरहून राप्तीसागर एक्स्प्रेसनं गोरखपूर गाठायचं आणि पुढं नेपाळी बस ठरवायची. तिथल्या चालकाला ते घाट रोजचे असतात. 23 ऑगस्ट 2024 ला जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना मर्स्यांगदी नदीत कोसळली, पंचविसाहून जास्त माणसं गेली. जून ते सप्टेंबर त्या बाजूला दरडी येतात, रस्ता तासन्‌तास बंद पडतो. सोयाबीन घरात आलं की कापसाच्या पहिल्या वेच्याआधी-नंतर जमेल तसं ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघा, किंवा हरभरा-गहू काढून मार्च-एप्रिलात.

स्वतःची बस नेणार असाल तर सोनौलीला सकाळीच पोचा. पलीकडं बेलहियाला भन्सार, म्हणजे जकात भरावी लागते, ती दिवसांवर असते. आरसी, परमिट, विमा, पीयूसी आणि चालकाचं लायसन्स मूळच लागतं. परतीला उशीर झाला तर दंड बसतो, म्हणून भन्सार एक दिवस जास्तीचा भरा.

आता माणसांचे कागद. व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड पाहिजे. 65 च्या वरच्यांना आणि 15 च्या आतल्यांना आधार चालतं. गोची होते ती मधल्यांची. चाळिशी-पन्नाशीच्या बाया नुसतं आधार घेऊन येतात, मतदान कार्डावर माहेरचं नाव, नाहीतर कार्डच हरवलेलं. दोन महिने आधी सगळ्यांची कार्डं एका ठिकाणी बसून तपासा. हरवलं असेल किंवा नाव बदलायचं असेल तर फॉर्म 8 भरा.

मुक्तिनाथ 3,700 मीटरवर आहे आणि पोखरा जेमतेम 800. एका दिवसात एवढं चढलं की बऱ्याच जणांना डोकं दुखणं, मळमळ, दम लागणं असा त्रास होतो. तुमची मोठी बस वर जात नाही, पोखऱ्याला स्थानिक जीप करा आणि मार्फा किंवा जोमसोमला (सुमारे 2,700 मीटर) एक रात्र काढून मग वर जा. कापराची पुडी हुंगल्यानं ऑक्सिजन वाढत नाही, बरं वाटतं एवढंच. बीपी, दमा, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना उंची सांगून विचारावं. वर कोणाला बसल्या जागी दम लागला किंवा चालताना तोल जायला लागला तर दर्शनाची वाट न पाहता लगेच खाली आणा. 108 धारांचं पाणी बर्फासारखं असतं, म्हाताऱ्यांनी डोक्यावर शिंपडून घेतलं तरी चालतं. जीपऐवजी पोखऱ्याहून विमानानं जोमसोमला जाणार असाल तर सकाळचंच घ्या. दुपारी काली गंडकीच्या खोऱ्यात वारा सुटतो आणि उड्डाणं थांबतात.

पैशाचं सोपं आहे. आपले 100 म्हणजे त्यांचे 160, हा भाव 1993 पासून बांधलेला आहे. 100 च्या नोटा भरपूर न्या. 500 च्या नोटेवर तिकडं कित्येक वर्षं बंदी होती आणि नियम बदलत राहतात, म्हणून तिच्यावर विसंबू नका. मोबाइलला रोमिंग नसेल तर आपलं सिम बंद पडतं, नाक्यापलीकडं एनटीसी किंवा एनसेलचं घ्या. घड्याळ 15 मिनिटं पुढं करा.

मनकामना देवीच्या देवळाला रोपवे आहे. तिथं बोकड कापतात, माळकरी मंडळींना आधीच सांगून ठेवा. पशुपतिनाथाच्या देवळात चामड्याचा पट्टा-पाकीट चालत नाही, आत फोटोही नाही. बाहेर मिळणारा स्वस्त एकमुखी रुद्राक्ष बहुतेक कोरलेला असतो, घेऊ नका.

जेवण दाल-भात-तरकारी, भात मागाल तितका. भाजी मोहरीच्या तेलात असते, ती आपल्या माणसांना दोन दिवसांत नकोशी होते आणि मग चून-भाकरीची आठवण निघते. आचारी नेणार असाल तर ज्वारीचं पीठ, तिखट आणि फल्लीतेल इथूनच न्या, आणि मोठा कुकर विसरू नका. जोमसोमच्या वर उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही.